मदिनानं न सांगितलेली बहिरी

बाबालाल बाजदाराला दिसेनासं झालं होतं, आणि सगळ्या कोल्हापुरात ही गोष्ट फक्त त्याच्या मुलीला ठाऊक होती.

बाजदार म्हणजे बाज, ससाणे अशी शिकारी पाखरं धरून, माणसाळवून, धन्यासाठी शिकारीला तयार करणारा माणूस. शाहू महाराजांचं राज्य होतं. शिकारीचा नाद मोठ्यांपासून लहानांपर्यंत सगळ्यांना होता, आणि ज्यांना जंगलात जाऊन वाघ मारायचा नव्हता त्यांनाही हातावर एखादं पाखरू मिरवायला आवडायचं. बाबालाल अशाच एका सरदारांच्या पदरी होता. त्याचा बापही तिथंच होता. पागेला लागून त्यांना दोन खोल्या होत्या. प्लेगाच्या सालात बाबालालची बायको गेली, आणि हाताखाली तयार होत आलेला मुलगा दिलदार गेला. मागं राहिली मदिना.

मदिनाचं लग्न कागलच्या मौला पिंजाऱ्याशी झालं होतं. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, आणि काम संपलं की अंगावरचा कापूस झटकत विहिरीवर जायचं, असा सरळ माणूस. पहिल्या बाळंतपणाला मदिना बापाकडं आली. मूल जन्मलं आणि डोळे नीट उघडायच्या आत गेलं. ती अंथरुणावरून उठली आणि कागलहून कुणी न्यायला येईल म्हणून वाट बघत राहिली. कुणी आलं नाही. मग एका जुम्म्याला कागलची दोन पोक्त माणसं आली, दारात उभ्या उभ्या तलाक सांगितला आणि पाणीसुद्धा न घेता गेली. पोर न जगवणारी बाई कोण ठेवून घेतंय, अशी मदिनानं स्वतःची समजूत घातली. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी हाय की," म्हणाला.

बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होते ते त्याच सुमारास तिच्या ध्यानात आलं. आधी त्याला लांबचं पाखरू दिसेना, मग जवळचं. बाजदाराचे डोळे गेले की त्याची खोली गेली, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून गुडघा धरलाय असं सांगून तो मदिनाच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागला. कारभारी येताना दिसले की ती लांबूनच मोठ्यांदा म्हणायची, "अब्बा, कारभारीसाहेब आल्यात," आणि बाबालाल बरोबर त्या बाजूला वळून मुजरा करायचा. पाखराला खाऊ घालणं, डोक्यावर डोळे झाकायची टोपी चढवणं, पायातल्या वाद्या बदलणं ही कामं हळूहळू मदिनाच्या हातात आली. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची परित्यक्ता पोरगी बापाची सेवा करते. तशी ती करतच होती.

त्या वर्षी पावसाळ्यात सरदारांची जुनी बहिरी मेली. बहिरी म्हणजे ससाण्यातली सगळ्यात तेज जात. शिकारीला मादी घ्यायची. ती नराहून थोराड असते. ही पाखरं थंडीत कुठून तरी लांबून येतात आणि समुद्राच्या काठानं उतरतात, कारण तिथं त्यांना खायला चिखलातली पाखरं भरपूर मिळतात. थंडी पडली तसं सरदारांनी बाबालालला कोकणात जाऊन नवी बहिरी धरून आणायला सांगितलं. स्वयंपाकाला म्हणून त्यानं मदिनाला बरोबर घेतलं. गाडी आकारामची होती. आकाराम बावड्याच्या वाटेवरचा शेतकऱ्याचा मुलगा, घाटातून गूळ खाली नेऊन मीठ आणि सुकी मासळी वर आणायचा.

घाट उतरून ते देवगडच्या खाली एका खाडीच्या तोंडाशी पोचले. आकारामनं बैल गावात ओळखीच्या घरी बांधले आणि तो मिठाच्या सौद्याला लागला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला बापलेक वाळूवर गेले.

मदिनानं समुद्र त्या आधी पाहिला नव्हता. रंकाळा हेच तिच्या लेखी मोठं पाणी. ती नुसती बघत उभी राहिली तेव्हा बापानं खांद्यावरचा हात दाबला.

"आडोसा करायचाय, पोरी. मग बघ."

तिनं माडाच्या पडलेल्या झावळ्या ओढून आणल्या आणि वाळूच्या उंचवट्याआड दोघांना बसता येईल एवढा आडोसा उभा केला. पुढं मोकळ्या वाळूत कबुतर बांधलं. कबुतराच्या पाठीवर चामड्याची लहानशी झूल होती आणि तिच्यावर घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास उभे होते. कबुतराला बांधलेली दोरी वाळूखालून आडोशापर्यंत आणली होती. दोरी ओढली की कबुतर फडफडायचं. बहिरी वरून त्याच्यावर येऊन पडायची आणि तिची नखं केसांत अडकायची. दोरी वेळेवर ओढण्यातच सगळं होतं. लवकर ओढली तर बहिरीला दिसत नाही, उशिरा ओढली तर ती दुसरीकडं वळते.

दोरी बाबालालनं आपल्या हातात घेतली. मदिना म्हणाली होती, मी धरते. पण त्यानं दिली नाही.

"तू फकस्त सांग. आली म्हण. मी वढतो."

पाणी ओसरत होतं. खाडीचा चिखल उघडा पडला आणि त्यावर पाखरं उतरायला लागली. मदिना आडोशाच्या फटीतून बघत होती आणि हळू आवाजात बापाला सांगत होती.

"लई बारकी पाखरं हायती. चिमण्याएवढी, पण पाय उंच. चिखलात टोचत पळत्यात. लई हायती, मोजता यायची न्हाईत."

"चिखल्या. पोट पांढरं हाय न्हवं?"

"व्हय. सगळी एकदम वळली की पांढरी दिसत्यात, परत वळली की दिसंनाशी हुत्यात."

बाबालाल हसला. "तसंच. तसंच वळत्यात."

"आता एक मोठं आलंय. चोच बघा की केवढी. खाली वाकल्याली, इळ्यागत."

"कोरल त्यो. वरडंल बघ आता."

आणि खरंच तो ओरडला, लांब, वर चढत जाणारा आवाज. बाबालालनं मान तिकडं वळवली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मग कुरव आले, पाण्यावर तरंगणारे पांढरे, करड्या पाठीचे. मग एक राखी बगळा एकटाच खडकावर येऊन उभा राहिला. मदिना सांगत होती आणि बाप नाव देत होता. काही पाखरं तिला सांगताच येत नव्हती, तेव्हा ती हातानं त्याच्या तळहातावर चोच काढून दाखवायची, आणि तो म्हणायचा, "कळलं." एका पाखराला मात्र दोघांनाही नाव सापडेना. तेव्हा बाबालाल म्हणाला, ऱ्हाऊ दे, त्याचं त्याला ठाऊक असंल. आणि मदिनाला इतकं हसू आलं की तिला पदर तोंडात धरावा लागला.

ती अशी किती तरी वर्षांत हसली नव्हती. ऊन वाळूवर आलं. तिनं भाकरी सोडली, चटणी काढली, बापाच्या हातात तुकडा दिला.

"हितं ऱ्हावंसं वाटतंय," ती म्हणाली.

बाबालाल खूश झाला. पोटात भाकरी, पाठीवर ऊन, आणि मुलगी हसलेली. तो सैलावला.

"बघ. कागलात कापूस पिंजत बसली असतीस. ह्यातलं काय दिसलं असतं का?"

"बसू द्यायला कोण तयार हुतं? त्यांनीच टाकलं की."

ती हे सहज बोलली. एवढ्या वर्षांत ते बोलायचं वाक्य होऊन गेलं होतं. बाबालालनं भाकरीचा शेवटचा घास खाल्ला. मग म्हणाला, "टाकलं असं न्हाई. आलता त्यो."

"कोण?"

"मौला. दोनदा आलता तुला न्यायला. पैल्यांदा तू ताजबीफुफूकडं गेलतीस. दुसऱ्यांदा तू तापानं पडलतीस आत. पागेच्या दारातनंच बोललो मी त्याच्याशी."

मदिनाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "काय बोललासा?"

"म्हणलं, पोरीचं मन उडालंय. पोर गेलं, आता त्या घरात तिला याचं न्हाय. मोकळं कर म्हणती." त्यानं हात पुसला. "रडला बिचारा. मग तलाक धाडला. आता किती वर्सं झाली त्याला. मला दिसंना झालतं, पोरी. दिलदार गेला. तू गेली असतीस तर मला कुणी पागेत ठेवलं असतं व्हय? आनि आता बघ की, दोघांचं चाललंय न्हवं झ्याक."

तो तसं मनापासूनच म्हणाला. आपण काही चोरून केलं आणि आज ते उघड झालं, असं त्याच्या तोंडावर नव्हतं. जुनी अडचण कशी निभावली ते आपल्या माणसाला सांगावं, तसं त्यानं सांगितलं आणि पाण्याच्या मडक्याकडं हात केला. मदिनानं मडकं त्याच्या हातात दिलं. मग ती परत फटीला डोळा लावून बसली.

तिला आठवलं ते तापातलं अंथरूण. बाहेर कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, आणि तिनं विचारलं होतं, कोण आलंय? बापानं सांगितलं होतं, गवतवाला.

"बोल की," बाबालाल म्हणाला. "काय काय आलंय?"

"तीच हायती."

दुपार कलली. खाडीच्या तोंडाशी मासेमाऱ्यांनी जाळी बांधायला लाकडी खांब रोवले होते. त्यातल्या शेवटच्या खांबावर मदिनाला काही तरी दिसलं. आधी नव्हतं, आता होतं. पाठ पाटीच्या दगडासारखी, छाती उजळ, आणि गालावर मिशीसारखा काळा पट्टा. अंग थोराड. पंख मिटून ती ताठ बसली होती आणि मान फिरवून सगळा किनारा बघत होती. मेलेली जुनी बहिरी मदिनानं वर्षानुवर्षं हातानं भरवली होती. तिला विचारायची गरज नव्हती.

वाळूवरचं कबुतर पोट टेकून दबून बसलं.

मदिनाचं तोंड उघडलं होतं. एक शब्द म्हणायचा होता. तिनं बापाकडं पाहिलं. तो दोरी दोन बोटांत धरून, मान किंचित तिरकी करून, वाट बघत बसला होता. त्याच्या पांढुरक्या डोळ्यांवर ऊन पडलं होतं. तिनं तोंड मिटलं.

बहिरी खांबावरून उठली आणि वर चढायला लागली. चिखलावरचा सगळा थवा एका झटक्यात उडाला. एवढा वेळ चाललेली किलबिल थांबली आणि नुसता पंखांचा आवाज राहिला.

बाबालाल सावध झाला. "पाखरं का उठली?"

"होडी आली."

"होडीला अशी उठत न्हाईत. वर बघ."

"बघितलं."

"काय हाय?"

"घार हाय."

"घारंला कोण भितंय? नीट बघ, मदिना. पंख टोकदार हायती का?"

बहिरी त्यांच्या अगदी डोक्यावर होती. पंख कट्यारीसारखे टोकदार होते. ती एका जागी वळत होती, आणि खाली मोकळ्या वाळूत एकटं कबुतर होतं. त्या घटकेला दोरी ओढली असती तर ती नक्की आली असती.

"घार हाय, अब्बा," मदिना म्हणाली.

मग तो आवाज आला. वरून कुणी नवं कापड टरकावत आणावं तसा. बहिरी पंख मिटून खाली आली, कबुतरावर नाही, पाण्याच्या कडेनं उडणाऱ्या थव्यावर. एक चिखल्या हवेतच फुटल्यासारखा झाला आणि त्याची पिसं हळूहळू पाण्यावर उतरत राहिली. बहिरी त्याला पायात घेऊन खाडीपलीकडं गेली.

असा आवाज दुसरं कुठलंच पाखरू करत नाही. बाबालालनं तो आयुष्यभर ऐकला होता. त्यानं दोरी सोडली नाही. पुष्कळ वेळानं त्यानं विचारलं, "गेली?"

मदिना फटीतून पाण्यावरची पिसं बघत राहिली. ऊन उतरेपर्यंत दोघं त्या आडोशात शेजारी शेजारी बसून राहिले. मग तिनं उठून कबुतर सोडवलं, त्याला ओंजळीत पाणी पाजलं, आणि बापाचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला.

गावात आकाराम अंगणात बसला होता. त्यांना बघताच म्हणाला, "चाचा, धरली न्हाईसा? आमी सगळ्यांनी हितनं बघितली. पार माडावरनं गेली बघा. हे गाववालं म्हणत हुतं, रोजच येतीया."

बाबालाल म्हणाला, "लांब हुती."

"लांब कुठली, चाचा? तुमच्या डोस्क्यावर हुती की."

"लांब हुती म्हणलं न्हवं," बाबालाल म्हणाला, आणि आकाराम बैलांना वैरण टाकायला उठला.

बहिरी रोज येत होती, म्हणजे दुसऱ्या दिवशीही आली असती. पण बाबालालला आता दुसरे डोळे हवे होते. आकारामला बसवलं असतं तर म्हाताऱ्याला दिसत नाही हे पहिल्या घटकेत उघड झालं असतं, आणि गाडी कोल्हापुरात पोचायच्या आत गावभर झालं असतं. त्यानं रात्रभर काय विचार केला कोण जाणे. सकाळी त्यानं बैल जुंपायला सांगितलं.

घाटात चढणीला आकाराम बैलांपुढं उतरून चालत होता. गाडीत मिठाची पोती आणि ही दोघं. बाबालाल हळूच म्हणाला, "माझ्यावर राग काढलास."

"व्हय," मदिना म्हणाली.

"पोट दोघांचं हाय, पोरी."

"हाय."

"मग?"

"त्यो रडला म्हणलासा न्हवं? मला सांगायचं हुतं तवा. मी आत पडलती. हाक मारली असती तर ऐकू आली असती."

 बाबालालनं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

रिकाम्या हातानं आलेल्या बाजदाराला सरदार काही बोलले नाहीत. त्यांनी मिरजेहून दुसरा बाजदार बोलावला. तो नव्या पाखरासकट आला आणि रीतीप्रमाणं त्यानं ते आधी जुन्या माणसाला, बाबालालला, दाखवायला पुढं धरलं. मदिना शेजारी उभी होती. पाखरू बाबालालच्या डाव्या बाजूला होतं आणि तो उजवीकडं बघून म्हणाला, "नामी हाय." पागेतली माणसं हसली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि हसणं थांबलं. कारभाऱ्यांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मदिनानं हू की चू न करता भांडी बांधली, आणि ते शनवार पेठेत फुफूकडं, म्हणजे बाबालालची बहीण ताजबी हिच्याकडं राहायला गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाला मदिना एकटी कागलला गेली. गादी भरून घ्यायची, असं ताजबीला सांगून गेली. मौला दारात बसून पिंजत होता. केस पिकायला लागले होते. त्यानं तिला ओळखलं आणि पिंजणीची तार वाजायची थांबली. घरातून एक बाई आली, पाण्याचा तांब्या ठेवून, हिच्याकडं नीट बघून आत गेली. आत लहान मूल कुरकुरत होतं.

"दोनदा आलतासा म्हणं," मदिना म्हणाली.

"आलतो की. तूच नगं म्हणालीस."

"मी म्हणले न्हाय. मला कुणी इचारलंच न्हाय."

मौलानं पिंजलेला कापूस हातानं एका बाजूला सारला. "मी आत शिराया पायजे हुतं," तो म्हणाला. "पागेचं दार हुतं. मोठ्यांची जागा. भ्यालो." मग म्हणाला, "आता काय करतीस, मदिना?"

तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त आता एकाच्या जागी दोन माणसं झाली, ज्यांना आपलं काय गेलं ते ठाऊक होतं. आतली बाई ऐकत असणार हेही तिला कळत होतं, आणि त्या बाईचा काही दोष नव्हता. ती पाणी पिऊन उठली. गादीचं बोलणं निघालंच नाही.

त्यानंतर बाबालाल बरीच वर्षं जगला. मदिनानं त्याला उपाशी ठेवलं नाही, मळकं ठेवलं नाही. लोकांच्या घरी भाकऱ्या भाजून ती दोघांचं चालवत होती. थंडीत तो हट्ट करायचा म्हणून ती त्याला धरून रंकाळ्यावर न्यायची आणि दगडी बांधावर बसवायची. तिथंही हिवाळ्यात लांबची बदकं उतरतात. तो कान देऊन बसायचा आणि विचारायचा, "काय आलंय गं?"

"पाखरं हायती."

"कसली?"

"पाण्यातली."

याहून जास्त तिनं त्याला पुन्हा कधी काही सांगितलं नाही. पहिल्या वर्षी तो परत परत विचारायचा. पुढं त्यानं विचारणं सोडलं. आवाजावरून स्वतःच नावं घ्यायचा, बरोबर की चूक ते सांगायला कुणी नसायचं. ताजबी एकदा मदिनाला म्हणाली, "आंधळ्या माणसावर कसला सूड काढतीस गं? दोन शब्द बोललीस तर जीभ झिजंल काय?" मदिना म्हणाली, "त्यांनी माझ्याशी बोलायचं तवा त्यांची झिजली हुती." ताजबीला भावानं केलेलं ठाऊक नव्हतं. ते मदिनानं तिलाही सांगितलं नाही.

इन्फ्लुएंझाच्या साथीत बाबालाल पडला. शेवटच्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर होता. मदिना त्याच्या तोंडात पाणी घालत होती.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "बहिरीच हुती न्हवं?"

त्याला नुसतं एवढंच हवं होतं. आपल्या कानानं चूक केली नाही, हे कुणी तरी सांगायला हवं होतं. मदिनाला ते पुरतं कळत होतं. तिनं फडक्यानं त्याची हनुवटी पुसली.

"घार हुती, अब्बा," ती म्हणाली.

तो मान वळवून पडून राहिला. दिवस मावळायच्या आत गेला. साथीमुळं खांदा द्यायला माणसं मिळत नव्हती. ताजबीनं शेजारपाजारच्या चार जणांना हातापाया पडून आणलं.

पुढं मदिना मुलांच्या एका बोर्डिंगात भाकऱ्या भाजायला राहिली आणि तिथंच म्हातारी झाली. कामाला चोख होती, स्वभावानं तुसडी. बापाचा विषय निघाला की सांगायची, नामांकित बाजदार होते. माणूस म्हणून कसे होते असं कुणी विचारलं तर चुलीत लाकूड सारायची आणि म्हणायची, "मला कामं हायती."